खनिज-शोध कंपनीचे लाभांश धोरण कसे वाचावे

कोथरूडला आमचा एक लहानसा अभ्यासगट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात-आठ जण जमतात, कोणीतरी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणतो आणि चहा होईपर्यंत त्याची यथास्थित चिरफाड होते. मागच्या बैठकीला बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सोन्याचा शोध घेणाऱ्या एका कंपनीचा अहवाल आणला होता. त्यांच्या घरखर्चात लाभांशाचा वाटा मोठा असल्याने कोणत्याही अहवालात ते आधी तेच पान उघडतात. "धोरण चांगलं चार पानांचं लिहिलंय, पण लाभांश एकदाही दिलेला नाही. मग ही चार पानं वाचायची कशासाठी?" असा त्यांचा सरळ सवाल होता. कंपनी सेक्रेटरी म्हणून अशी धोरणे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली. त्या दिवशी जे तुटक-तुटक सांगितले, ते इथे क्रमाने मांडत आहे.

मुख्य मुद्दा एवढाच की, अशा कंपनीत लाभांशाचा दर पाहण्याआधी वाटला जाणारा रुपया आला कुठून, हे पाहावे लागते. तो रुपया खनिज विकून आला असेल, सेवाशुल्कातून आला असेल, किंवा काल आपणच भागभांडवल म्हणून दिलेला असेल. तिन्ही वेळा बँक खात्यात दिसणारी नोंद सारखीच असते.

पहिली पायरी: कंपनी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

"मायनिंग" हा शब्द नावात असला म्हणजे कंपनी खाण चालवतेच असे नाही. आपल्याकडे खनिजाच्या शोधाचे चार टप्पे मानले जातात: जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, त्यानंतर जी-३ आणि जी-२, आणि शेवटी जी-१ म्हणजे सविस्तर शोध, ज्यात जवळजवळ अंतरावर बोअर घेऊन साठ्याचा आकार आणि प्रत निश्चित केली जाते. जी-४ पासून खाणीतून पहिला ट्रक बाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात, आणि या काळात पैसा फक्त बाहेर जात असतो. बहुतेक शोध खाणीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे निव्वळ शोध घेणाऱ्या कंपनीने लाभांश न देणे यात गैर काही नाही. उलट अशा कंपनीने लाभांश दिला, तर भुवई उंचवावी.

दुसरी जात सेवा देणाऱ्यांची. नागपूरची मिनरल एक्स्प्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी १९७२ पासून दुसऱ्यांसाठी ड्रिलिंग आणि शोधकाम करते. खाली खनिज सापडो वा न सापडो, तिचे बिल निघते. अलीकडे मान्यताप्राप्त खाजगी संस्थांनाही सरकारी निधीतून अशी कामे मिळू लागली आहेत. कामाचे शुल्क मिळत असल्याने अशा कंपनीचे लाभांश धोरण एखाद्या अभियांत्रिकी कंपनीच्या धोरणासारखे वाचता येते.

तिसरी जात नवी आहे. खाण आणि खनिज कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने २९ महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी शोध परवाना आणला. परवानाधारकाने खनिज शोधायचे, मग सरकार त्या जागेच्या खाणपट्ट्याचा लिलाव करणार आणि लिलावात खाण मिळालेली कंपनी जे प्रीमियम सरकारला देईल, त्यातला ठरलेला हिस्सा परवानाधारकाला मिळणार. म्हणजे हे एक प्रकारचे स्वामित्वधनच (रॉयल्टी) झाले. पण ते खाण चालू झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे परवाना मिळाल्याची बातमी आणि लाभांश यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर राहते.

चौथी जात आपल्या ओळखीची: मॉइल, एनएमडीसी, कोल इंडिया, हिंदुस्थान झिंक यांच्यासारख्या चालत्या खाणींच्या कंपन्या, ज्या कमाईतून नव्या शोधाचाही खर्च करतात. पुढच्या पायऱ्यांत कोणता नियम कोणत्या जातीला लागू पडतो, हे ध्यानात ठेवावे. (पुण्यात बसून हे सगळे परके वाटते, कारण आपण ज्या बेसॉल्टवर उभे आहोत त्यात वाघोलीला खडी मिळते, सोने मिळत नाही.)

दुसरी पायरी: कायद्याने लाभांश देता येतो का ते तपासा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण धोरणातली चार पाने कितीही उदार असली तरी कंपनी कायदा, २०१३ चे कलम १२३ त्यांच्या वर बसलेले असते. लाभांश चालू वर्षाच्या नफ्यातून किंवा मागच्या वर्षांच्या शिल्लक नफ्यातून देता येतो. मात्र मागून ओढत आणलेला तोटा आणि न आकारलेला घसारा चालू नफ्यातून आधी वळता करावा लागतो. शोध कंपनीच्या बाबतीत ही अट बहुधा निर्णायक ठरते.

काकांनी आणलेल्या अहवालातले "इतर इक्विटी" हे टिपण आम्ही उघडले. आकडे गोल करून सांगतो. सिक्युरिटीज प्रीमियम ६४ कोटी रुपये, संचित तोटा उणे ३८ कोटी, बेरीज २६ कोटी. ताळेबंदाच्या मुख्य पानावर फक्त २६ कोटी दिसत होते आणि काकांनी पेन्सिलीने त्याभोवती गोल करून बाजूला "गंगाजळी" असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यातला एक रुपयाही लाभांशासाठी वापरता येत नव्हता. सिक्युरिटीज प्रीमियम म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर विकून गोळा केलेले भागधारकांचेच पैसे. कलम ५२ नुसार त्यातून बोनस शेअर देता येतात, शेअरची पुनर्खरेदी करता येते, काही ठरावीक खर्च निर्लेखित करता येतात, पण लाभांश देता येत नाही. उरला संचित तोटा. उद्या या कंपनीने १० कोटींचा नफा कमावला, तरी तो आधी ३८ कोटींच्या खड्ड्यात जाईल. काकांनी काही न बोलता खोडरबर काढला.

हा खड्डा बुजवण्याचा एक मार्ग असतो: कलम ६६ नुसार भांडवल कमी करून तोटा पुसून टाकायचा. त्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. पुण्यात नोंदलेल्या कंपनीचा अर्ज मुंबईच्या पीठापुढे जातो. कंपनीने असा अर्ज केल्याचे शेअर बाजाराला कळवलेले दिसले, तर पुढे लाभांशाचा विचार असू शकतो, एवढी नोंद घ्यावी.

समजा कंपनीला यंदा तोटा झाला, पण जुन्या नफ्याची मुक्त राखीव रक्कम आहे, उदाहरणार्थ एखादा शोधलेला प्रकल्प विकून पूर्वी चांगला फायदा झाला होता. अशा वेळी २०१४ च्या लाभांश नियमांतला तिसरा नियम लागू होतो. एक काल्पनिक कंपनी घेऊ: वसूल भांडवल २० कोटी, एक रुपया दर्शनी किमतीचे २० कोटी शेअर, मुक्त राखीव निधी ३० कोटी, यंदाचा तोटा २ कोटी. राखीव निधीतून जास्तीत जास्त किती काढता येईल? भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेचा दहावा भाग, म्हणजे ५ कोटी. त्यातून आधी यंदाचा २ कोटींचा तोटा भरून काढायचा. उरले ३ कोटी, म्हणजे शेअरमागे १५ पैसे. शिवाय पैसे काढल्यावर उरलेला राखीव निधी वसूल भांडवलाच्या १५ टक्क्यांखाली जाता कामा नये आणि लाभांशाचा दर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त असता कामा नये. मागच्या तिन्ही वर्षांत लाभांशच दिला नसेल, तर ही सरासरीची अट लागत नाही. अध्यक्षांच्या भाषणात "भक्कम राखीव निधी" असे शब्द आले की हा हिशेब कागदावर करून पाहावा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आणखी दोन गोष्टी इथेच पाहून घ्याव्यात. लाभांश कंपनीच्या स्वतंत्र हिशेबातल्या नफ्यातून दिला जातो, एकत्रित हिशेबातून नव्हे. शोध कंपन्यांचे प्रकल्प अनेकदा उपकंपन्यांत असतात, त्यामुळे एकत्रित नफा भरघोस दिसत असूनही मूळ कंपनीकडे वाटायला काहीच नसू शकते. तसेच भागीदारीतल्या हिश्शाचे मूल्य वाढल्याने झालेला कागदी नफा मुक्त राखीव निधीत धरता येत नाही.

तिसरी पायरी: शोधखर्च कुठे लिहिला आहे ते पाहा

भारतीय लेखा मानक १०६ नुसार कंपनीला शोधखर्चाबाबत निवड असते. बोअर, नमुन्यांची प्रयोगशाळा-तपासणी, भूभौतिक सर्वेक्षण यांचा खर्च ती त्याच वर्षी नफातोटा पत्रकात टाकू शकते, किंवा "शोध आणि मूल्यमापन मालमत्ता" या नावाने ताळेबंदात ठेवू शकते. पहिल्या पद्धतीत तोटा लगेच दिसतो. दुसऱ्या पद्धतीत नफा टिकून राहतो आणि लाभांश देण्याची कायदेशीर जागाही राहते. मला पहिली पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, जरी दुसरीही पूर्णपणे नियमात बसते.

धोका असा की, ताळेबंदात साठवलेला खर्च एके दिवशी एकदम तोट्यात येतो. परवान्याची मुदत संपली आणि ती वाढण्याची शक्यता नाही, किंवा कंपनीने त्या जागेवर पुढे खर्च न करण्याचे ठरवले, की त्या मालमत्तेचे मूल्य घटले आहे का, हे तपासावे लागते. म्हणून परवान्यांच्या तारखांचे टिपण लाभांश धोरणाच्या शेजारी ठेवून वाचावे. कायदा बदलल्यानेही असे घडते: २०१५ मध्ये खाणपट्टे लिलावानेच देण्याची पद्धत आली तेव्हा प्रलंबित अर्ज निकाली निघाले, आणि काही अर्जांना वाचवणारी तरतूदही २०२१ च्या दुरुस्तीने संपली. ज्यांनी त्या जागांवर वर्षानुवर्षे पैसा ओतला होता, त्यांच्या हातात भूगर्भाचे नकाशे तेवढे राहिले.

चौथी पायरी: धोरणाचा मजकूर वाचा, विशेषतः नकाराचे कलम

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियम ४३-अ नुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना लाभांश वितरण धोरण संकेतस्थळावर ठेवावे लागते. त्यात पाच गोष्टी अपेक्षित असतात: लाभांशाची अपेक्षा केव्हा करावी किंवा करू नये, कोणते आर्थिक निकष लावले जातील, कोणते अंतर्गत आणि बाह्य घटक पाहिले जातील, राखून ठेवलेला नफा कशासाठी वापरला जाईल, आणि वेगवेगळ्या प्रकारच्या शेअरसाठी काय नियम असतील. लहान शोध कंपन्या पहिल्या हजारात क्वचितच असतात. त्यांनी स्वखुशीने धोरण केले असेल, तर त्यातला बराच मजकूर साच्यातला असतो. (साचे मीही वापरले आहेत, त्यामुळे ओळखू येतात.) "संचालक मंडळ योग्य त्या घटकांचा विचार करून निर्णय घेईल" या वाक्याला काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो "केव्हा अपेक्षा करू नये" या कलमाला. त्यात "ज्या वर्षी शोधखर्चासाठी नवे शेअर काढले, त्या वर्षी लाभांश नाही" असे स्पष्ट वाक्य असेल, तर लिहिणाऱ्याने विचार केला आहे असे समजावे.

चालत्या खाणीच्या कंपनीत लाभांशाचे सूत्र कशाला बांधले आहे ते पाहावे. दरवर्षी लाभांश टिकवू किंवा वाढवू, असे वचन खाण कंपनीला पेलत नाही. बीएचपी या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीने ते अनेक वर्षे पाळले आणि खनिजांचे भाव कोसळल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडले. त्याऐवजी मूळ नफ्याच्या किमान ५० टक्के वाटण्याचे सूत्र स्वीकारले. न्यूमाँट या सोन्याच्या कंपनीने २०२० मध्ये लाभांश सोन्याच्या भावाशी जोडला: औंसाला १,२०० डॉलर भाव धरून वर्षाला एक डॉलर पायाभूत लाभांश, आणि त्यावरच्या भावातून मिळणाऱ्या जादा मोकळ्या रोकडीचा ४० ते ६० टक्के भाग. सूत्र वाचायला देखणे होते. तरीही २०२२ मध्ये तिमाहीला ५५ सेंट असलेला लाभांश फेब्रुवारी २०२४ मध्ये २५ सेंटवर आला, आणि तोही सोन्याचा भाव आधीपेक्षा चढा असताना. उत्पादनखर्च वाढला होता आणि न्यूक्रेस्ट ही कंपनी नुकतीच विकत घेतली होती. भावाशी बांधलेले धोरण खर्चाबद्दल काहीच सांगत नाही, हे यातून दिसते.

सरकारी कंपन्यांचा प्रकार वेगळा. नोव्हेंबर २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांनी करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (नेट वर्थ) ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा किमान लाभांश द्यावा, असे अपेक्षित आहे. म्हणून कोल इंडिया किंवा एनएमडीसीचे धोरण वाचताना खरे धोरण दिल्लीत लिहिलेले असते, हे विसरू नये. खाजगी प्रवर्तकाच्या बाबतीत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो: सर्वांत मोठ्या भागधारकाला सध्या पैशांची किती निकड आहे? हिंदुस्थान झिंकने २०२२-२३ मध्ये शेअरमागे ७५.५० रुपये लाभांश दिला, एकूण रक्कम त्या वर्षीच्या नफ्याच्या जवळपास तिप्पट होती. पुढच्या वर्षी तो १३ रुपये झाला. ७५.५० हा आकडा धरून पुढच्या दहा वर्षांचे गणित मांडणाऱ्यांचा हिशेब चुकणारच होता.

पाचवी पायरी: भाव पडल्यास आणि खाण संपल्यास काय, हे मांडून पाहा

एका टनामागे विक्री १०० रुपये, खर्च ६० रुपये आणि खाण चालू ठेवण्यासाठीचा भांडवली खर्च १५ रुपये धरा. हातात २५ रुपये राहतात. भाव २० टक्क्यांनी पडला तर विक्री ८०, आणि हातात ५ रुपये. भावातली २० टक्के घट वाटण्याजोग्या रोकडीत ८० टक्के घट होऊन येते. धोरणात "स्थिर लाभांश" हे शब्द असतील, तर कंपनीच्या मागच्या मंदीतल्या अहवालाशी ते ताडून पाहावेत.

दुसरे गणित खाणीच्या आयुष्याचे. शंभर रुपयांच्या शेअरवर दरवर्षी ९ रुपये लाभांश मिळतो म्हणून काकांसारखे लोक त्याची तुलना मुदत ठेवीशी करतात. मुदत ठेवीत शेवटी मुद्दल परत मिळते. खाणीत आठ वर्षांचाच साठा शिल्लक असेल आणि नवा साठा सापडला नाही, तर आठ वर्षांत मिळणार ७२ रुपये. नुसते मुद्दल वसूल व्हायलाच वर्षाला साडेबारा रुपये हवेत. म्हणून साठ्याचे प्रमाण आणि वार्षिक उत्पादन यांचा भागाकार करून वर्षे काढावीत, आणि मग कंपनी शोधावर किती खर्च करते ते पाहावे. शोधखर्च कापून लाभांश वाढवणारी खाण कंपनी भागधारकाला त्याचीच जमीन हप्त्याहप्त्याने विकून पैसे देत असते.

यासाठी लागणारे आकडे रोकड प्रवाह पत्रकात मिळतात. परिचालनातून आलेली रोकड वजा भांडवली आणि शोधखर्च, आणि त्याखाली वित्तपुरवठ्याच्या भागात "शेअर काढून मिळालेली रक्कम" व "दिलेला लाभांश" या दोन ओळी. दोन्ही ओळींत एकाच वर्षी मोठे आकडे असतील, तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, आणि मध्ये कर भरला तो आपण.

सहावी पायरी: डोक्यावरची देणी

"संभाव्य देणी" हे टिपण वगळू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यानंतरच्या ऑगस्टमधल्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करण्याची मुभा दिली आणि ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत भरण्याची सवलत दिली. ज्या राज्यात असा कर आहे, तिथल्या खाणीच्या लाभांशात हा हप्ता आधी धरावा. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. तेव्हा कुणाचे लाभांश धोरण काय म्हणते, या प्रश्नाला अर्थच उरला नव्हता.

सातवी पायरी: खात्यात येणारी रक्कम

जाहिरातीत दिसणारा टक्का दर्शनी किमतीवर असतो. एक रुपयाच्या शेअरवर ३०० टक्के म्हणजे तीन रुपये. बाजारभाव २०० असेल तर परतावा दीड टक्का. अंतिम लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करते आणि मंजुरी सर्वसाधारण सभा देते. सभेला तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम मिळायला हवी. २०२० पासून लाभांशावरचा कर आपल्यालाच आपल्या टप्प्यानुसार भरावा लागतो, आणि एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश झाला की १० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) होते. पॅन जोडलेला नसल्यास २० टक्के.

सभा आता बहुधा दूरदृश्य माध्यमातून होतात, त्यामुळे आधी नाव नोंदवले की कोथरूडच्या घरातूनही बोलता येते. काकांसाठी मी दोनच प्रश्न लिहून दिले: "स्वतंत्र हिशेबातला संचित तोटा भरून निघायला व्यवस्थापनाच्या अंदाजाने किती वर्षे लागतील?" आणि "येत्या दोन वर्षांचा शोधखर्च नवे शेअर न काढता भागेल का?" उत्तरे गुळमुळीत आली तर तीही वहीत लिहून ठेवायची.

बँक खाते आणि नामनिर्देशनही याच बैठकीत तपासून घ्यावे. माझ्या वडिलांच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एका खाण कंपनीची न वटवलेली लाभांश वॉरंटे (लाभांशाचे धनादेशच म्हणा) निघाली होती. बँकेची शाखा बदलल्याचे कुणी कळवलेच नव्हते. सात वर्षे न मागितलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षे तसे झाले की शेअरही तिकडेच जातात. ते परत मिळवायला आयईपीएफ-५ हा अर्ज भरावा लागतो. कंपनीकडे वारसाहक्काची कागदपत्रे मला तीनदा पाठवावी लागली, आणि शेअर माझ्या खात्यात आले तोवर ती खाणच बंद झाली होती.